रिझर्व्ह आणि नॅशनल गार्डमधल्यांचा प्रवासखर्च: वजावट कोणाला मिळते आणि कुठे अडते

अमेरिकेत नोकरदाराने कामासाठी स्वतःच्या खिशातून केलेल्या खर्चाची केंद्रीय करातली वजावट २०१८ पासून थांबली आणि २०२५ च्या कायद्याने तो दरवाजा कायमचा बंद केला. ही गोष्ट सगळ्यांच्या डोक्यात इतकी पक्की बसली आहे की रिझर्व्ह (राखीव सैन्यदल) किंवा नॅशनल गार्डमध्ये (राज्यांच्या राखीव सैन्यदलात) असलेल्या आपल्या मुलामुलींना घरचे, मित्र आणि कधी कधी रिटर्न भरून देणारेही सांगतात, "आता काही मिळत नाही." मिळतं. सैनिकांच्या कुटुंबांसाठी २००३ साली झालेल्या करसवलत कायद्यातली त्यांच्या प्रवासखर्चाची वजावट अजून शाबूत आहे. ती थेट उत्पन्नातून वजा होते, त्यामुळे स्टँडर्ड डिडक्शन (खर्चाचा तपशील न देता मिळणारी ठरावीक वजावट) घेणाऱ्यालाही लागू पडते.

आर्मी, नेव्ही, मरीन, एअर फोर्स आणि कोस्ट गार्ड यांचे रिझर्व्ह, तसंच आर्मी आणि एअर नॅशनल गार्ड, एवढे सगळे यात येतात. सार्वजनिक आरोग्य सेवेचं राखीव दलही येतं. दुसऱ्या देशाच्या राखीव दलातली सेवा चालत नाही.

खरी अडचण १०० मैलांच्या अटीपाशी सुरू होते. ड्रिलची, म्हणजे तुमच्या युनिटच्या (लष्करी तुकडीच्या) सरावाची, जागा घरापासून १०० मैलांहून जास्त लांब हवी, आणि हे अंतर एका बाजूचं. साठ मैल जाणं आणि साठ मैल येणं मिळून एकशेवीस धरले, तर दावा टिकत नाही. रात्रीचा मुक्कामही लागतो. पहाटे निघून रात्री परत आलात, तर कितीही गाडी चालवली तरी ही वजावट नाही.

"घर" म्हणजे काय, इथेही लोक फसतात. कर खात्याच्या लेखी घर म्हणजे तुमच्या मुख्य नोकरीचं ठिकाण. कुटुंब सॅक्रामेंटोला राहतं आणि नोकरी सॅन होजेत आहे, तर मैल सॅन होजेपासून मोजायचे. तिथून कॅम्प रॉबर्ट्स हा लष्करी सराव तळ साधारण दीडशे मैल भरतो, म्हणजे अट पुरी होते. एकाच ठिकाणची नेमणूक वर्षाहून जास्त चालणार असेल, तर तो तात्पुरता प्रवास मानतच नाहीत.

आता भरपाईकडे या, कारण सर्वांत जास्त हळहळ मला याच मुद्द्यावर वाटते. युनिटने दिलेले पैसे वजा करूनच दावा करायचा, हे लोकांना ठाऊक असतं. पण भरपाई मिळण्याचा हक्क होता आणि तुम्ही कंटाळून अर्जच केला नाही, तरीही तेवढ्या खर्चाची वजावट जाते. युनिटमधली कागदपत्रं किचकट आहेत, उत्तरं उशिरा येतात, वीस-बावीस वर्षांच्या पोराने ते सोडून दिलं तर त्याला दोष देववत नाही. तरी आधी भरपाईचा अर्ज करा. लागू नसेल, तर तसं युनिटकडून ईमेलवर लिहून घ्या.

मुक्कामाचा दैनिक भत्ता म्हणजे हक्काची रक्कम, हाही एक गैरसमज आहे. सरकारी दर ही फक्त कमाल मर्यादा. हॉटेलचा प्रत्यक्ष खर्च पावतीसह दाखवावा लागतो. चौघे मिळून एक खोली घेतात, एक जण कार्ड देतो, बाकीचे रोख देतात, आणि पावती एकाच्याच नावाची. उरलेल्या तिघांकडे काहीच नसतं. काउंटरवरच वेगळी बिलं मागा. नाही जमलं तर रोखीऐवजी बँकेतून पैसे पाठवा आणि बिलाची प्रत घ्या.

जेवणासाठी मात्र ठरावीक दर वापरता येतो. ज्या ठिकाणाला वेगळा दर नाही, तिथे ऑक्टोबर २०२४ पासून तो दिवसाला ६८ डॉलर आहे. प्रवासाच्या पहिल्या आणि शेवटच्या दिवशी त्याचे ७५ टक्के, म्हणजे ५१. त्यातलेही निम्मेच वजा होतात. युनिटने जेवू घातलं असेल, तर ते जेवण तुमचा खर्च नाही.

गाडीचा दर २०२४ साठी मैलाला ६७ सेंट आणि २०२५ साठी ७० सेंट. टोल आणि पार्किंग त्याशिवाय. दीडशे मैलांची जा-ये धरली, तर २०२५ च्या एका ड्रिलमागे नुसत्या गाडीचे २१० डॉलर होतात.

ही वजावट मागण्याचा फॉर्म २१०६ भरताना हात थबकतो तो वर्षभरात गाडी एकूण किती मैल चालली, या प्रश्नावर. १ जानेवारीचा ओडोमीटरचा आकडा जवळपास कोणीच लिहून ठेवत नाही. ऑइल बदलल्याची किंवा सर्व्हिसिंगची जुनी बिलं काढा, त्यांवर आकडा असतो. पुढे लेखी पुरावा आहे का, असंही विचारतात. एप्रिलमध्ये आठवून लिहिलेली वही तपासणीत कमजोर ठरते. ड्रिलहून परतल्याच्या दिवशीच तारीख, ठिकाण, मैल आणि कारण टिपा. सोबत ड्रिलचं वेळापत्रक, ऑर्डर्स आणि त्या महिन्याची पगारपावती ठेवा.

फॉर्मच्या १० व्या ओळीतली पूर्ण बेरीज पुढे उतरवू नका. त्यातला १०० मैलांपलीकडच्या प्रवासाचा भाग तेवढा शेड्यूल १ च्या (मुख्य रिटर्नच्या जोडपत्राच्या) १२ व्या ओळीत जातो. पती-पत्नी दोघेही रिझर्व्हमध्ये असतील, तर प्रत्येकाचा २१०६ वेगळा.

रिटर्न १५ एप्रिलपर्यंत भरायचं. फॉर्म ४८६८ ने १५ ऑक्टोबरपर्यंत मुदत वाढते, पण ती रिटर्न भरण्याची. कर एप्रिलमध्येच भरावा लागतो, नाही तर व्याज सुरू होतं.

मागच्या वर्षांत ही वजावट राहून गेली असेल, तर फॉर्म १०४०-एक्स (सुधारित रिटर्न) भरा. मूळ रिटर्न भरल्यापासून तीन वर्षं किंवा कर भरल्यापासून दोन वर्षं, यांतली जी तारीख नंतर येईल तिथपर्यंत परतावा मागता येतो. रिटर्न मुदतीआधी भरलं असेल, तर ते मुदतीच्या दिवशीच भरलं असं धरतात.