अकरा महिने खोक्यात, एक महिना ट्रीवर: ऑर्नामेंट्स आणि आपली मेमरी

ख्रिसमस ट्री लावणाऱ्या बहुतेक घरांत एक तरी ऑर्नामेंट असं असतं जे दिसायला अगदीच भयंकर असतं. मीठ घातलेल्या मैद्याच्या गोळ्यावर दाबलेला तीन वर्षांच्या पोराचा पंजा, त्यावर सांडलेली चमकी, एक बोट कधीतरी तुटलेलं आणि मागे पेनाने लिहिलेलं नाव अर्धं पुसलेलं. फुकट दिलं तरी कोणी घेणार नाही. पण ते टाकून देऊया असं नुसतं म्हणून बघा, घरात भांडण होईल. आणि वर तेच समोरच्या फांदीवर लटकतं, महागडे मॅचिंग बॉल बिचारे मागे भिंतीकडे तोंड करून.

याला आपण "इमोशनल व्हॅल्यू" म्हणतो आणि विषय सोडून देतो, पण यावर नीट काम झालेलं आहे. मिहाय चिकसेंटमिहाय आणि यूजीन रॉकबर्ग-हॅल्टन या दोन संशोधकांनी शिकागो परिसरातल्या ८२ कुटुंबांतल्या ३१५ लोकांना विचारलं की घरातल्या कुठल्या वस्तू तुमच्यासाठी खास आहेत आणि का, आणि मुद्दाम तीन-तीन पिढ्यांशी बोलले. १९८१ मध्ये हे छापून आलं. किंमत आणि दिसणं ही कारणं मागे पडली, आणि "ही अमक्याने दिली होती", "ही आम्ही तिथे राहायचो तेव्हाची" असली कारणं पुढे आली. गंमत म्हणजे पोरांची लिस्ट वेगळीच, त्यांना ज्या वस्तूंशी काहीतरी करता येतं त्या आवडत होत्या, आणि आजी-आजोबांच्या लिस्टमध्ये फोटो भरपूर. त्यामुळे ट्रीसमोर आजी जुन्या गोष्टी सांगत असताना नातू घंटीचं ऑर्नामेंट घेऊन नुसता वाजवत बसला असेल तर त्याला ओरडू नका, त्याच्या वयाला साजेसंच करतोय तो.

आता डोक्यात नक्की काय होतं ते बघू. एंडेल टल्विंग आणि डोनाल्ड थॉमसन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये एक तत्त्व मांडलं, सोप्या भाषेत सांगायचं तर एखादी गोष्ट मेंदूत साठवली जाताना तिच्यासोबत जे जे साठवलं गेलं तेच नंतर ती गोष्ट बाहेर काढायला उपयोगी पडतं. याला क्यू म्हणतात, म्हणजे इशारा. आणि इशारा मिळाल्यावर पुढचं काम हिप्पोकॅम्पसचं. कानाच्या साधारण आतल्या बाजूला मेंदूत खोल बसलेला हा भाग, त्याची खासियत ही की अर्धा तुकडा मिळाला तरी तो पूर्ण चित्र जुळवायला बघतो. हातात येतो फक्त एक लाल बॉल, आणि मागोमाग स्टूलावर चढलेले काका, त्या वर्षी अर्धी पेटून बंद पडलेली लाइटची माळ, कोणीतरी किचनमधून मारलेली हाक, हे सगळं न बोलवता हजर होतं.

पण मग असं तर घरातल्या कुठल्याही जुन्या वस्तूने व्हायला पाहिजे ना? सोफा पण तेवढाच जुना आहे, त्यावर तर जास्त आयुष्य गेलंय. सोफा बघून कोणाच्या डोळ्यात पाणी येत नाही. मला वाटतं खरी मजा इथे आहे आणि ती त्या ऑर्नामेंटमध्ये कमी आणि माळ्यावर बंद पडलेल्या खोक्यात जास्त आहे.

मेमरीच्या अभ्यासात क्यू ओव्हरलोड नावाची एक गोष्ट आहे. एकाच इशाऱ्याला जितक्या जास्त आठवणी चिकटतात तितकी त्यातली एखादी नेमकी आठवण बाहेर काढणं अवघड होतं. सोफ्यावर आपण रोज बसतो, रोज नवीन काहीतरी त्याला चिकटतं, कधी आजारपण, कधी मॅच, कधी नुसतंच कंटाळून पडणं, आणि हजारो गोष्टी जोडल्या गेल्यावर सोफा कशाचाच इशारा राहत नाही. शिवाय रोज दिसणाऱ्या वस्तूकडे मेंदू लक्ष देणंच बंद करतो, फ्रिजवरचा फोटो शेवटचा नीट कधी बघितला होता ते आठवून बघा. ऑर्नामेंटचं उलटं आहे. वर्षातले अकरा महिने ते कागदात गुंडाळून अंधारात पडलेलं असतं, त्या काळात त्याला नवीन काहीच चिकटत नाही, आणि बाहेर येतं तेव्हा दरवर्षी तीच माणसं, तसाच थंडीचा सीझन, तेच काम. म्हणजे इशारा स्वच्छ राहतो. हेच ऑर्नामेंट वर्षभर शोकेसमध्ये ठेवलं तर दोन-तीन वर्षांत त्याचा सोफा होईल, असं माझं स्पष्ट मत आहे.

यात अजून एक फायदा आपोआप होतो. एखादी गोष्ट नुसती परत परत बघण्यापेक्षा मध्ये गॅप देऊन ती आठवायला लागली की ती जास्त टिकते, हे अभ्यासाच्या बाबतीत कितीतरी वेळा सिद्ध झालंय. ट्री लावताना नेमकं तेच होतं, खोकं उघडायचं आणि "हे कोणी दिलं होतं गं?" असं कोणीतरी विचारतं, मग सगळे डोकं खाजवतात आणि मग आठवतं. वर्षातून एकदा होणारी ही तोंडी परीक्षाच आहे, फक्त कोणाला ती परीक्षा वाटत नाही.

आता एक अडचण. ख्रिसमस दरवर्षी जवळजवळ सारखाच असतो, आणि सारख्या प्रसंगांचं मेंदू काय करतो तर सगळे एकमेकांत मिसळून एक जनरल ख्रिसमस तयार करतो, ज्यात ट्री असतो, जेवण असतं, गिफ्ट असतात, पण वर्ष कुठलं ते सांगता येत नाही. "आपण दरवेळी असं करायचो" हे पटकन आठवतं पण "त्या वर्षी काय झालं" विचारलं की गाडी अडते. ऑर्नामेंट इथे कामाला येतं कारण ते एका ठरावीक वर्षी घरात आलेलं असतं. बाळाचा पहिला ख्रिसमस, नवीन घरातला पहिला ट्री, मांजराने ट्री पाडला त्या वर्षीचा टवका उडालेला बॉल. टवका उडालेला तर बेस्ट, कारण चोवीस सारख्या बॉलमध्ये एकच वेगळा असेल तर तोच लक्षात राहतो, हेडविग फॉन रेस्टॉर्फ यांनी वेगळ्या दिसणाऱ्या गोष्टीचा हा परिणाम १९३३ मध्येच दाखवला होता. त्यामुळे ऑर्नामेंटवर वर्ष लिहिण्याची जी पद्धत आहे ती दिसायला थोडी टिपिकल वाटली तरी मेमरीच्या हिशोबाने एकदम करेक्ट आहे.

काचेच्या बॉलबद्दल थोडं सांगायलाच पाहिजे कारण ती वस्तूच भारी आहे. जर्मनीत थुरिंगियाच्या डोंगरात लाउशा नावाचं गाव आहे, तिथे १५९७ पासून काचेचं काम चालतं, आणि एकोणिसाव्या शतकात तिथल्याच कारागिरांनी ट्रीसाठी काचेचे पोकळ बॉल फुंकायला सुरुवात केली. १८६७ मध्ये गावात गॅस आला आणि मग ज्योत जास्त गरम, जास्त कंट्रोलमध्ये, त्यामुळे एकदम पातळ काच फुंकता यायला लागली. आतली चमक म्हणजे शुद्ध केमिस्ट्री. युस्टुस फॉन लीबिग या जर्मन केमिस्टने दाखवलेली चांदीची रिअ‍ॅक्शन, सिल्व्हर नायट्रेट, अमोनिया आणि साखरेसारखा एखादा पदार्थ, हे मिश्रण बॉलच्या मानेतून आत घालायचं आणि कोमट पाण्यात धरून हलवत राहायचं, थोड्या वेळात चांदी सुटी होऊन काचेला आतून चिकटते आणि बॉलचा आरसा होतो. थर एक मायक्रॉनपेक्षाही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही पातळ! तिथे हे काम घराघरात चालायचं, एकाने फुंकायचं, दुसऱ्याने चांदी भरायची, पोरांनी पण हातभार लावायचा, म्हणजे या वस्तूंना फॅमिलीचा हात बनतानाच लागलेला असायचा. जुना बॉल आतून काळा पडलेला दिसतो तेव्हा ही चांदीच खराब झालेली असते, हवेतल्या गंधकाने आणि दमटपणाने. म्हणून जुने बॉल ओल्या फडक्याने पुसू नका, रंग पण जाईल आणि मानेतून पाणी आत गेलं तर चांदी पण.

पुढे अमेरिकेत कॉर्निंग या काचेच्या कंपनीने १९३९ च्या सुमारास बल्ब बनवायच्या मशीनवर हे बॉल काढायला सुरुवात केली आणि हाताने दिवसाला काहीशे व्हायचे तिथे लाखांनी व्हायला लागले. मग दुसरं महायुद्ध आलं, चांदी आणि धातू युद्धाच्या कामाला गेले, त्यामुळे त्या वर्षांतले बरेच बॉल आतून चांदी न लावलेले, नुसते पारदर्शक आणि वरून रंगीत पट्टे मारलेले असे आहेत, आणि वरची टोपी पत्र्याऐवजी पुठ्ठ्याची. कोणाच्या खोक्यात असा पुठ्ठ्याच्या टोपीचा बॉल निघाला तर तो बहुतेक त्या काळातला, घरात कोणाला काही आठवत नसलं तरी बॉल स्वतःच आपलं वय सांगतो.

वासाचा मुद्दा पण आहे, पण थोडक्यात. डोळ्यांकडून, कानांकडून येणारी माहिती मेंदूत थॅलॅमस नावाच्या स्टेशनवर थांबून पुढे जाते, वासाची लाइन मात्र जवळजवळ डायरेक्ट, भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांना लागून. आणि वयस्कर लोकांवर केलेल्या प्रयोगात दिसलंय की शब्दाने किंवा चित्राने आठवणाऱ्या गोष्टी बहुतेक दहा ते वीस वयातल्या असतात, वासाने आठवणाऱ्या मात्र त्याच्याही आधीच्या, दहा वर्षांच्या आतल्या. खऱ्या ट्रीला जो वास येतो तो पायनीनसारख्या द्रव्यांचा, आणि तो वास आणि ते ऑर्नामेंट एकाच वेळी समोर आले की डबल इशारा. प्लास्टिकच्या ट्रीत ही सोय नाही. अर्थात जुनं खोकं उघडल्यावर येणारा कुबट वास पण चालतो, आठवण जागी व्हायला वास चांगलाच असायला पाहिजे असं नाही.

मग बॉल फुटला तर? डिट्टो तसाच दुसरा ऑनलाइन मिळतो, पण कोणाचंच समाधान होत नाही. ब्रूस हूड आणि पॉल ब्लूम यांनी २००८ मध्ये लहान मुलांवर एक मस्त प्रयोग केला, मुलांना एक मशीन दाखवलं जे म्हणे कुठल्याही वस्तूची हुबेहूब कॉपी काढतं (मशीन अर्थातच खोटं, आत दुसरी तशीच वस्तू लपवलेली). साध्या खेळण्याची कॉपी घ्यायला मुलं खुशीत तयार, पण ज्या टेडीला किंवा चादरीला धरून ती झोपायची ती वस्तू मशीनमध्ये ठेवायलाच काही मुलांनी नकार दिला, आणि ज्यांनी ठेवली त्यांनी बहुतेक ओरिजिनलच परत मागितली. म्हणजे वस्तूचा इतिहास हा वस्तूचाच भाग आहे हे आपल्याला शाळेत जायच्या आधीपासून वाटतं.

पण आता जे सांगणार आहे ते थोडं खट्टू करणारं आहे. ऑर्नामेंट तेच राहतं, आठवण तशी राहत नाही. करीम नादेर, ग्लेन शेफ आणि जोसेफ लेडू यांनी २००० मध्ये उंदरांवर दाखवलं की पक्की झालेली भीतीची आठवण सुद्धा परत जागी केली की काही काळ कच्ची होते आणि तिला पुन्हा पक्कं व्हावं लागतं, आणि त्या मधल्या वेळात औषध देऊन ती बिघडवता येते. माणसांत हे इतकं सरळ दिसत नाही, पण सांगता सांगता गोष्ट बदलते हे माणसांत भरपूर बघितलं गेलंय. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलिन पिकरेल यांच्या १९९५ च्या प्रयोगात घरच्यांच्या नावाने सांगितलेली "तू लहानपणी मॉलमध्ये हरवला होतास" ही संपूर्ण खोटी गोष्ट साधारण चौथ्या हिश्श्याच्या लोकांना थोडीफार तरी "आठवली". घरच्यांनी सांगितलंय म्हटल्यावर आपण विश्वास ठेवणारच. आणि तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं मोठेपणी बहुतेकांना काहीच आठवत नाही, त्यामुळे तो मैद्याचा पंजा बनवल्याची जी "आठवण" पोरगं मोठेपणी सांगतं ती बहुधा दर डिसेंबरला ऐकलेल्या गोष्टीतूनच तयार झालेली असते.

याच्याही पुढे, अलेक्झांड्रू कुक, जोनाथन कोपेल आणि विल्यम हर्स्ट यांनी २००७ मध्ये दाखवलं की एक जण एखाद्या प्रसंगातलं ठरावीकच सांगतो तेव्हा त्याच्याशी संबंधित पण न सांगितलेल्या गोष्टी ऐकणाऱ्यांच्या डोक्यात पण फिक्या पडतात. म्हणजे आई दरवर्षी त्या बॉलची एकच फिक्स स्टोरी सांगत असेल तर ती स्टोरी घट्ट होत जाते, आणि त्याच दिवशीचं बाबांना किंवा बहिणीला जे वेगळं माहीत होतं ते हळूहळू मिटत जातं, कोणाचं वाईट करायचा हेतू नसताना. ग्रुपमध्ये एकत्र बसून आठवलं की जितकं आठवतं त्यापेक्षा तितक्याच माणसांनी वेगवेगळं बसून आठवलेलं एकत्र केलं तर जास्त निघतं, हे पण प्रयोगांत परत परत आलंय, कारण एकाच्या बोलण्याने दुसऱ्याची लिंक तुटते.

त्यामुळे ज्यांना खरंच जुन्या गोष्टी जमा करायच्या आहेत त्यांनी खोकं उघडायच्या आधी प्रत्येकाला वेगळा कागद द्या, आणि ऑर्नामेंटचा फोटो दाखवून हे कुठून आलं, तेव्हा घरात कोण होतं, अजून काय आठवतं ते ज्याचं त्याने गुपचूप लिहायचं. सगळ्यात जास्त बोलणाऱ्या माणसाला कागद सगळ्यात आधी द्या म्हणजे तो लिहिण्यात बिझी राहील. मग कागद एकत्र वाचा आणि ज्या गोष्टी जुळत नाहीत त्या पण तशाच, ज्याच्या-त्याच्या नावाने, खोक्यात ठेवा, कारण कोण बरोबर ते त्या दिवशी ठरवायला गेलात तर ट्री लावायचा राहूनच जाईल.