कीटकाहाराची शिसारी

कीटक अन्न म्हणून पुढे आले असता, ते चाखण्यापूर्वीच आणि केवळ ते काय आहे हे कळल्यामुळे मनात उठणाऱ्या तिटकाऱ्याला कीटकाहाराची शिसारी म्हणता येईल. ही शिसारी सर्वत्र आढळत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या २०१३ सालच्या अहवालानुसार जगातील सुमारे २ अब्ज लोकांच्या पारंपरिक आहारात कीटक असून, १,९०० हून अधिक जाती खाल्ल्या जातात.

ही भावना कशी रुजते हे पाहायचे तर नागपुरात हिवाळ्यात ओल्या तुरीच्या शेंगा सोलत बसलेल्या घरात जावे. सोलेभातासाठी शेंगा सोलता सोलता एखादीतून हिरवी अळी वळवळत बाहेर येते, आई ‘छी!’ म्हणून ती शेंग दाण्यांसकट भिरकावते, आणि शेजारी बसलेले चार वर्षांचे मूल शेंगेकडे नव्हे, आईच्या चेहऱ्याकडे पाहते. याच मुलाने रांगत्या वयात जमिनीवरची मुंगी उचलून निःशंकपणे तोंडात घातलेली असते. शिसारी उपजत नसते, ती घरातल्यांकडून शिकली जाते. वांगे चिरल्यावर आत डोकावणे किंवा उन्हाळ्यात धान्य वाळवून त्यात कडुलिंबाचा पाला घालणे या सवयी अर्थातच योग्य आहेत. भारताच्या २००६ सालच्या अन्न सुरक्षा कायद्यातही कीड लागलेले अन्न असुरक्षित मानले आहे. मात्र अन्नाला लागलेली कीड आणि अन्न म्हणून मुद्दाम गोळा केलेला किंवा पाळलेला कीटक या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि मनाला हा भेद सहसा करता येत नाही.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निर्जंतुक केलेले मेलेले झुरळ फळांच्या रसात क्षणभर बुडवून काढले. रस निर्धोक आहे हे ठाऊक असूनही बहुतेकांना तो नकोसा झाला. शिसारीचे मूळ धोक्याच्या हिशेबात नसते, हे यावरून दिसते. एरवी मधमाशीने पोटातून परत काढलेला मध आपण देवाच्या पंचामृतात घालतो, आणि सहा पायांच्या नाकतोड्याला नाक मुरडणारे घर दहा पायांचा झिंगा आवडीने खाते.

नागपूरहून एका दिवसात जाऊन येता येईल अशा गडचिरोली जिल्ह्यात, आणि त्याला लागून असलेल्या बस्तरमध्ये, लाल मुंग्यांची चटणी खाल्ली जाते. झाडाची पाने एकमेकांना शिवून या मुंग्या घरटे करतात. ते उतरवून मुंग्या व त्यांची अंडी मीठ-मिरचीबरोबर पाट्यावर वाटतात. मुंग्यांमधील आम्लामुळे चटणीला लिंबासारखा आंबटपणा येतो, वेगळे काही घालावे लागत नाही. बस्तरात तिला ‘चापडा’ म्हणतात. ओडिशातील मयूरभंजच्या अशाच ‘काई’ चटणीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. असे खाणे ‘जंगली’ म्हणून हिणवले जाते तेव्हा त्यामागे किळस कमी आणि खाणाऱ्याला कमी लेखणे जास्त असते. गडचिरोलीहून नागपुरात शिकायला आलेल्या मुलाला आपल्या घरची चटणी सांगताना संकोच वाटावा, हे शहराला भूषणावह नाही.

शिसारी दूर करण्यासाठी प्रथिनांचे आकडे पुरे पडत नाहीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत मांसटंचाई असताना मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी गृहिणींना हृदय, मूत्रपिंड असे अवयव शिजवण्यास प्रवृत्त करण्याचा अभ्यास केला. नुसते व्याख्यान ऐकलेल्यांपैकी ३ टक्के स्त्रियांनी, तर गटात बसून चर्चा करून आपसांत ठरवलेल्यांपैकी ३२ टक्के स्त्रियांनी ते पदार्थ करून पाहिले. नागपूरकराला यात नवल वाटू नये. सावजी भोजनालयातली खूर किंवा वजडी पहिल्यांदा खाणारा माणूस पोषणमूल्ये वाचून नव्हे, तर ती चवीने खाणाऱ्या मित्राच्या शेजारी बसून खातो, आणि ओळखीचा झणझणीत रस्सा त्याला धीर देतो. कीटकांबाबतही ओळखीची पाककृती, सोबत आणि लहान घास हेच उपाय अधिक चालतात. अख्खा रातकिडा पाहून मागे सरणारे लोक त्याची पूड पिठात मिसळलेली असेल तर अधिक सहज तयार होतात, परंतु खाणाऱ्याला ते आधी सांगितलेच पाहिजे. फसवून खाऊ घातलेला घास कळल्यावर शिसारी दुप्पट होऊन परतते.

जैन किंवा अन्य शाकाहारी व्यक्तीचा नकार हा शिसारीचा नव्हे, व्रताचा भाग असतो; तो ‘दूर करण्याचा’ प्रश्नच येत नाही. शिवाय काही वेळा नकार शहाणपणाचा ठरतो. मे २०२० मध्ये काटोल परिसरात टोळधाड उतरली तेव्हा तिच्यावर कीटकनाशके फवारली गेली. असे टोळ खाण्यास घातक असतात. ज्यांना झिंगे किंवा खेकडे खाल्ल्यावर अंगावर गांधी उठतात, त्यांनी कीटक पुडीच्या रूपातही खाऊ नयेत, कारण ॲलर्जी आणणारे ट्रोपोमायोसिन हे प्रथिन दोहोंत असते.