बिडाच्या तव्याला साबण चालतो

घावणे-आंबोळ्यांच्या बिडाच्या तव्याला साबण लावला की तवा 'उतरतो', म्हणजे त्यावरचा काळा थर निघून जातो, आणि पीठ चिकटू लागतं, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. पूर्वीच्या कॉस्टिकयुक्त, तीव्र साबणांच्या बाबतीत त्यात तथ्य होतं. आजच्या भांडी धुण्याच्या लिक्विडने तसं होत नाही.

तव्यावरचा काळा, गुळगुळीत थर म्हणजे नुसतं तेल नव्हे. तेलाचा पातळ थर खूप तापला की त्याचे रेणू एकमेकांत गुंफून कडक होतात आणि लोखंडाला धरून बसतात. लिक्विडचे दोन थेंब आणि मऊ घासणी वरचा ओशटपणा काढतात, हा थर नाही. उलट तो ओशटपणा ठेवलात तर तेल खवट होतं आणि पुढच्या घावण्याला वास येतो.

तवा खरा बिघडतो तो रात्रभर सिंकमध्ये भिजत ठेवल्याने, तारेच्या घासणीने, किंवा बिडाच्या कढईत चिंच-टोमॅटोचं सार उकळत ठेवल्याने. आंबट पदार्थ थर खातो आणि साराला लोखंडाची चव येते.

धुतल्यावर लगेच पुसा, मंद आचेवर दोन मिनिटं कोरडा करा, अर्धा चमचा शेंगदाणा तेल चोळा आणि कोरड्या फडक्याने जवळजवळ सगळं पुसून टाका. इथेच बहुतेकांचं चुकतं: तेल जास्त राहिलं की तवा चिकट होतो, आणि दोष साबणाला जातो.

थर खरंच गेला असेल, तर तेल लावून, पुसून, धूर निघेपर्यंत तापवा. थंड होऊ द्या. असं तीन-चारदा करा. खिडकी उघडी ठेवा, धूर बराच होतो.