एनएडी आणि मेंदू: एका सहविकराची पार्श्वभूमी

म्हातारपणी बुद्धी तल्लख ठेवण्याचे आश्वासन देणाऱ्या अनेक गोळ्यांचा आधार असलेले 'एनएडी' हे सहविकर (विकरांना, म्हणजे पेशीतील रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांना, मदत करणारे द्रव्य) प्रथम सापडले ते यीस्टच्या रसात. १९०६ साली लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये आर्थर हार्डन आणि विल्यम यंग यांनी हा रस गाळला, तेव्हा गाळणीवर उरलेला भाग किंवा खाली उतरलेला द्रव यांपैकी एकट्याने साखर आंबेना. दोन्ही एकत्र करताच क्रिया पुन्हा सुरू झाली, आणि तो द्रव उकळला तरी त्याचा गुण गेला नाही. त्यातील घटक हायड्रोजनची ने-आण करतो व त्याचा कार्यकारी भाग निकोटिनामाइड आहे, हे ऑटो वारबुर्ग यांनी १९३६ च्या सुमारास दाखवले.

एनएडीचे मेंदूशी असलेले नाते मात्र प्रयोगशाळेबाहेर, गरिबांच्या ताटात उघड झाले होते. अमेरिकेच्या दक्षिण भागात मुख्यतः मक्यावर जगणाऱ्यांना पेलाग्रा होई: उन्हाला उघड्या पडणाऱ्या कातडीवर चट्टे, जुलाब आणि शेवटी बुद्धिभ्रंश. मनोरुग्णालयांत या रोगाचे रुग्ण भरलेले असत, पण तेथील परिचारिकांना तो होत नसे, हे १९१४ साली जोसेफ गोल्डबर्गर यांनी हेरले आणि दोष जंतूंचा नसून आहाराचा आहे, असे ठामपणे मांडले. ते १९२९ मध्ये वारले. उणीव निकोटिनिक आम्लाची, म्हणजे ज्यापासून शरीर एनएडी बनवते त्याच द्रव्याची आहे, हे कॉनराड एल्व्हेजेम यांच्या कुत्र्यांवरील प्रयोगांमुळे १९३७ साली कळले. दख्खनमध्ये ज्वारीवर गुजराण करणाऱ्या गरिबांतही पेलाग्रा आढळत असे. त्याचा अभ्यास हैदराबादेत पोषणशास्त्रज्ञ सी. गोपालन यांनी केला, आणि ज्वारी-भाकरीवर वाढलेल्या आपल्या प्रदेशाने ते काम विसरू नये असे मला वाटते.

वार्धक्याचा प्रश्न पुढे आला तो २००० साली, वार्धक्याशी संबंध जोडल्या गेलेल्या सर्ट्युइन प्रथिनांना कामासाठी एनएडी लागते हे इमाई आणि ग्वारेंटे यांनी दाखवल्यावर. २०१५ मध्ये चुंबकीय तंत्राने जिवंत माणसाच्या मेंदूतील एनएडी मोजले गेले आणि ते वयाबरोबर घटत असल्याचे दिसले. मात्र उणीव भरून काढणे आणि वार्धक्य थोपवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गोळ्यांच्या जाहिराती नेमका हाच फरक झाकतात. नॉर्वेत पार्किन्सनच्या ३० रुग्णांवर झालेल्या, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निकोटिनामाइड रायबोसाइडने (ज्यापासून शरीर एनएडी बनवते अशा आणखी एका द्रव्याने) मेंदूतील एनएडी वाढले, पण ती केवळ ३० दिवसांची होती. एवढ्या मुदतीत रोगाची वाटचाल मंदावते की नाही, हे ठरणे शक्यच नव्हते.