एक्सएल पॅड: लांब की जास्त शोषणारं?

ठाण्यात एखाद्या दुकानावर ‘सॅनिटरी’ अशी मोठी पाटी दिसली तर आत कमोड, बेसिन आणि नळ मिळतात. पॅड मिळतात ते शेजारच्या मेडिकलमध्ये, आणि तिथे हा शब्द फारसा कुणी उच्चारत नाही. कंपनी कुठलीही चालणार असली तरी गिऱ्हाईक म्हणतं, ‘व्हिस्पर द्या.’ मग काउंटरमागून दोन प्रश्न येतात: ‘विंग्जवालं?’ आणि ‘एक्सएल की साधं?’ दुसऱ्या प्रश्नाला ‘एक्सएल’ म्हणताना बहुतेकींच्या मनात असतं की अंगावरून जास्त जातं, तेव्हा मोठंच बरं. पाकिटावरचं अक्षर मात्र पॅड किती लांब आहे एवढंच सांगतं. ते किती धरून ठेवेल हा वेगळा मुद्दा आहे, आणि त्याबद्दल ते अक्षर गप्प असतं.

याच अक्षराचा आणखी एक चुकीचा अर्थ घरोघरी लावला जातो: कपड्यांसारखं अंगाचं माप. आठवीतली मुलगी बारीक आहे म्हणून तिला सगळ्यात लहान पॅड, आईचा कुर्ता एक्सएल म्हणून तिला एक्सएल. शरीर बारीक असलं म्हणून पाळी कमी जाते असं नाही. पाळी सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत ती अनियमित असते आणि कधी कधी बरीच जाते. शिवाय मुलगी सहा-सात तास शाळेत असते आणि तिथे पॅड बदलायची सोय असेलच असं नाही. त्यामुळे घरातलं सगळ्यात छोटं पॅड तिच्या दप्तरात टाकणं म्हणजे युनिफॉर्मला डाग लागायची सोय करणं.

आधी लांबीचं बघू. बाजारात साधारणपणे रेग्युलर २३० ते २४० मिलिमीटरचं, लार्ज २५० ते २७०, एक्सएल २८० च्या आसपास, डबल एक्सएल ३१० ते ३३०, आणि रात्रीसाठीची ३५० च्या पुढे ४०० पर्यंत. ही ढोबळ मापं झाली. सगळ्या कंपन्या एकाच मापाला एकच अक्षर देत नाहीत. एकीचं ‘एक्सएल प्लस’ दुसरीच्या डबल एक्सएलएवढं निघतं. म्हणून पाकीट उलटून मिलिमीटरचा आकडा बघावा. तो बहुधा मागे किंवा कडेला, एमआरपीच्या शेजारी बारीक अक्षरात असतो. २०११ च्या पॅकबंद वस्तूंच्या नियमांनुसार वस्तूचं नाव, नग, एमआरपी, उत्पादनाचा महिना-वर्ष, उत्पादकाचा पत्ता आणि जिथे माप महत्त्वाचं असेल तिथे माप छापावं लागतं. नगांच्या आकड्यापुढे ‘एन’ किंवा ‘यू’ असं इंग्रजी अक्षर दिसलं तर गोंधळू नका, ती फक्त संख्येची खूण आहे. ‘एन’ म्हणजे नाईट नव्हे.

आणि एक बारीक गोष्ट: तो आकडा टोकापासून टोकापर्यंतचा असतो. शोषणारा गाभा त्याहून आखूड असतो, कारण दोन्ही टोकांना कडा चिकटवून बंद केलेल्या असतात. लांब पॅडमध्ये वाढलेली लांबी बरीचशी मागच्या बाजूला जाते. तिथे पॅड पसरट होतं. झोपल्यावर रक्त खाली न जाता मागे ओघळतं, तिथे ते अडावं म्हणून ही रचना. दिवसभर बसून काम करणाऱ्या, चालणाऱ्या बाईला या मागच्या पसरट भागाचा फारसा उपयोग नाही, उलट तो चुरगळतो आणि मांडीला घासतो.

आता शोषणक्षमता. ती ठरते गाभ्यात काय आणि किती भरलंय यावर. जाड पॅडमध्ये मुख्यतः लाकडाच्या लगद्याचा कापसासारखा फ्लफ असतो. पातळ पॅडमध्ये त्याच्या जोडीला जेलचे दाणे असतात. सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट, लहान मुलांच्या डायपरमध्ये असतात तेच. हे दाणे द्रव ओढून फुगतात आणि दाबलं तरी सहजी सोडत नाहीत. इथेच ‘अल्ट्रा’ हा शब्द फसवतो. ऐकायला तो ‘खूप जास्त’ असा वाटतो, पण पॅडच्या पाकिटावर अल्ट्रा म्हणजे पातळ. ‘अल्ट्रा एक्सएल’ म्हणजे पातळ आणि लांब, एवढंच. पातळ पॅड जाड पॅडपेक्षा कमी शोषतं असंही नाही. जेल चांगलं असेल तर जास्त शोषतं. म्हणजे लांबीवरूनही कळत नाही आणि जाडीवरूनही नाही.

मग थेंबांची चित्रं? काही पाकिटांवर तीन-चार-पाच थेंब रंगवलेले असतात. एकाच कंपनीच्या दोन पाकिटांची तुलना करायला ते बरे आहेत. एका कंपनीचे चार थेंब आणि दुसरीचे चार थेंब सारखे समजू नयेत. टॅम्पॉनचं, म्हणजे योनीत आत ठेवायच्या शोषक बोळ्याचं, तसं नाही. अमेरिकेत टॅम्पॉनचं लेबल ग्रॅममध्ये बांधलेलं आहे: रेग्युलर ६ ते ९ ग्रॅम, सुपर ९ ते १२, सुपर प्लस १२ ते १५. म्हणजे टॅम्पॉनवरचं ‘सुपर’ शोषणाबद्दल बोलतं आणि पॅडवरचं ‘एक्सएल’ लांबीबद्दल. ऑनलाइन दुकानं दोन्ही एकाच ‘साईज’च्या खान्यात टाकतात, तिथे घोळ आणखी वाढतो. (पाळीत वापरायच्या कपचा ‘स्मॉल-लार्ज’ हा तिसराच प्रकार, तो व्यासाचा. त्यात इथे शिरत नाही.)

आपल्याकडे सॅनिटरी नॅपकिनसाठी आयएस ५४०५ हे भारतीय मानक आहे. त्याच्या १९८० च्या आवृत्तीतली चाचणी समजायला सोपी आहे: पॅडवर मिनिटाला १५ मिली या वेगाने ३० मिली द्रव सोडायचा, तो खालून किंवा कडेने बाहेर दिसता कामा नये, आणि वर १ किलोचं वजन मिनिटभर ठेवलं तरी. हा आकडा कशाशी ताडायचा? अख्ख्या पाळीत साधारण ३० ते ४० मिली रक्त जातं. ८० मिलीच्या वर गेलं तर डॉक्टर त्याला जास्त रक्तस्राव म्हणतात. रक्ताबरोबर इतर स्रावही असतो, त्यामुळे पॅडमध्ये जाणारा द्रव याहून जास्त भरतो. तरीही एक पॅड ३० मिली धरू शकत असेल, तर अर्धंच भरलेलं असताना डाग का लागतो? कारण बहुतेक वेळा पॅड भरून वाहत नाही. द्रव ज्या जागी पडतो तिथून पसरायच्या आत कडेला पोहोचतो.

म्हणून डाग कुठे लागला ते बघणं हे पाकीट वाचण्यापेक्षा उपयोगी आहे. सकाळी मागे, कमरेच्या बाजूला डाग आणि पॅडचं मधलं अंग अर्धं कोरडं: लांबी कमी पडली. ३२० च्या वरचं घ्या किंवा तेच पॅड दोन बोटं मागे लावून बघा. पालथं झोपणाऱ्या बाईने उलट, पुढे. मधला भाग जड, ओला, दाबल्यावर ओल वर येते आणि दोन्ही टोकं स्वच्छ: इथे शोषण कमी पडलं. नेमक्या याच बाईला दुकानात लांब पॅड दिलं जातं, आणि तिच्या पॅडची फक्त कोरडी टोकं वाढतात. तिला लांबी तीच ठेवून ‘हेवी फ्लो’ लिहिलेलं पॅड हवं, किंवा बदलायची वेळ आधी हवी. मांडीच्या कडेने डाग: बहुतेकदा विंग्ज नीट दुमडलेल्या नसतात किंवा निकर सैल असते. निकरचं इलॅस्टिक सैल झालं असेल तर कितीही महागडं पॅड आणा, ते अंगाला लागून बसणार नाही.

घरी तपासायचं असेल तर असं करा. दीडशे मिली पाण्यात पाव चमचा मीठ विरघळवा. साधं पाणी वापरू नका. जेलचे दाणे साध्या पाण्यात कित्येक पट फुगतात, खारट पाण्यात त्याहून बरेच कमी आणि रक्तात आणखी कमी. जाहिरातीतला निळा द्रव म्हणूनच इतका छान गायब होतो. औषधाच्या बाटलीच्या मापाच्या टोपणाने १० मिली पाणी पॅडच्या मध्यावर सावकाश ओता, मिनिटभर थांबा, वर टिश्यूची घडी आणि त्यावर साखरेचं किलोचं पाकीट ठेवा. मिनिटाने टिश्यू किती ओला झाला आणि डाग किती लांब पसरला ते बघा. असं तीनदा. दोन कंपन्यांची पॅड शेजारी ठेवून केलं की फरक डोळ्यांना दिसतो. हा फरक तुलनेपुरता. रक्त पाण्यापेक्षा दाट असतं. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी पाळीची २१ उत्पादनं रक्ताच्या पेशी वापरून मोजली, तेव्हा बऱ्याच उत्पादनांनी सांगितलेली क्षमता प्रत्यक्षापेक्षा जास्त निघाली.

आपल्याला खरंच किती जातं हे कळायचा सोपा रस्ता स्वयंपाकघरातला काटा. नवं पॅड तोला, वापरलेलं पिशवीत गुंडाळून तोला, पिशवीचं वजन वजा करा; एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली. तासा-दोन तासाला पॅड भरून जात असेल, अडीच सेंटीमीटरपेक्षा मोठ्या गाठी पडत असतील किंवा सातव्या दिवसानंतरही जात असेल, तर आणखी मोठ्या पॅडच्या शोधात राहू नका, डॉक्टरला दाखवा. थकवा आणि धाप असेल तर हिमोग्लोबिनही तपासून घ्या.

घोडबंदर रोडवरून अंधेरीला किंवा ठाण्याहून वाशीला रोज जाणाऱ्यांचा हिशोब वेगळा. शोषण कितीही असलं तरी चार ते सहा तासांनी पॅड बदलायला हवं, कारण ओल राहिली की पुरळ उठतं. घर सोडण्यापूर्वी एक आणि ऑफिसला पोहोचल्यावर एक असं ठरवलं, तर दिवसा २४०-२८० चं पुरतं. लांबचं फक्त रात्रीसाठी. एकच डबल एक्सएलचं पाकीट चोवीस तास वापरणं खर्चिकही पडतं: समजा ८ नगांचं लार्ज ८० रुपयांना आणि ७ नगांचं डबल एक्सएल ८४ ला, नग १० रुपयांवरून १२ वर गेला. पाकिटावर प्रति नग दर छापलेला असतो तो आधी वाचा, ‘फ्री’ लिहिलेला पट्टा नंतर. जुलै २०१८ पासून पॅडवर जीएसटी नाही, तेव्हा बिलात त्या ओळीवर कर लावलेला दिसला तर विचारा. जन औषधी केंद्रात ‘सुविधा’ पॅड २०१९ पासून १ रुपयाला एक मिळतं.

काउंटरवर ‘मोठं’ न म्हणता आकडा सांगितला की काम लवकर होतं. ‘रात्रीसाठी, तीनशे वीसच्या वरचं, विंग्जवालं.’ किंवा, ‘दोनशे ऐंशीचंच, पण हेवी फ्लोचं.’ पहिल्यांदा मेडिकलवाला दादा पाकीट फिरवून आकडा शोधेल. पेपरात गुंडाळायच्या आधी ते आपल्या हातात घेऊन वाचलं तर तो आकडा तुम्हालाच आधी सापडेल.