निस्तार, झुडपी, वनहक्क: गावानं जंगल राखायची ही गोष्ट सुरू कुठून झाली

मागच्या उन्हाळ्यात पुण्याहून दोन पोरं आली होती गावात, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी. सकाळी सहाला आमच्यासोबत जाळरेषा (वणवा पुढं सरकू नये म्हणून साफ केलेला पट्टा) काढायला आली, पालापाचोळा झाडता झाडता हाताला फोड आले बिचाऱ्यांच्या, आणि दुपारी जेवताना एकानं विचारलं, काका हे व्हॉलंटिअर मॉडेल तुम्ही कुठून घेतलं? म्हातारे लोक हसायलाच लागले. मॉडेल कसलं, पाळी असते, ज्याची पाळी तो जातो. पण प्रश्न काही चुकीचा नव्हता, काहून की आमच्याच नवीन पोरांनाही वाटतं हे सगळं वनहक्क कायद्यानंतर सुरू झालं म्हणून. तसं नाही. मधे पन्नास-साठ वर्षं ते तुटलं होतं, आणि का तुटलं ते समजल्याशिवाय आजचं समजत नाही.

पहिलं म्हणजे विदर्भ हा जमिनीच्या बाबतीत एक नाही, दोन आहे. नागपूरकडचा भाग, म्हणजे नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, हा इंग्रजांच्या मध्यप्रांतात होता आणि तिथं मालगुजारी होती, म्हणजे सारा गोळा करून सरकारला देणारा मालगुजारच गावाचा मालक, आतल्या जंगलात जमीनदाऱ्या होत्या. वऱ्हाड म्हणजे अमरावती, अकोला, बुलडाणा, यवतमाळ, वाशिम हे निजामाकडून १८५३ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात आलं आणि तिथं रयतवारी लागली, म्हणजे शेतकरी सारा थेट सरकारला भरायचा. म्हणून वऱ्हाडात गावच्या चराईच्या जमिनीला अजूनही लोक ई-क्लास म्हणतात, आणि आमच्याकडं झुडपी म्हणतात. जमीन एकाच कामाची, गुरं चारायची, सरपण आणायची, पण कागदावरची जात वेगळी, आणि विदर्भात पुढचं सगळं भांडण ह्या कागदावरच्या जातीचं आहे.

मालगुजारीत जंगलाचा मालक मालगुजार, पण गावाचा निस्तार ठरलेला. निस्तार म्हणजे रोजच्या गरजेचं, घराला बल्ल्या, नांगराला लाकूड, कुंपणाला काटे, जळतण, चराई, मोहफुलं. ते वाजिब-उल-अर्जमध्ये, म्हणजे गावच्या हक्क-रिवाजांच्या सरकारी नोंदीत, लिहिलेलं असायचं, कोणाला काय मिळणार ते. मालगुजार काही देवमाणूस नव्हता, बेगारीच्या गोष्टी ऐकल्या तर आजही अंगावर काटा येतो, त्यामुळं जुना काळ चांगला होता असं मी तरी म्हणणार नाही. पण एक होतं, हे आपलं आहे आणि उद्या पण ह्यातूनच आणायचं आहे हे गावाला माहीत होतं, म्हणून राखण होती.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण जंगल नाही, तलाव आहेत. भंडारा-गोंदिया-चंद्रपूर-गडचिरोलीचे मामा तलाव. नवीन माणसाला वाटतं कोणाच्या मामानं बांधले, तर मामा म्हणजे माजी मालगुजारी, सरकारी फायलीतला शॉर्टफॉर्म तोंडी बसला. असे तलाव पूर्व विदर्भात साडेसहा हजारांपेक्षा जास्त आहेत. बांधणारे मुख्य करून कोहळी समाजाचे लोक, आणि त्यांना तिथं वसवलं गोंड राजांनी. जुने लोक सांगतात की जो तलाव बांधेल त्याला त्या पाण्याखाली भिजेल तेवढी जमीन. नवेगाव बांधचा एवढा मोठा तलाव पण कोहळ्यांनीच बांधलेला. आणि तलाव बांधला म्हणजे काम संपलं असं नसतं, दरवर्षी पाळ (तलावाचा मातीचा बांध) बघावी लागते, गाळ काढावा लागतो, पाणी कोणाच्या बांधीत (धानाच्या शेतात) आधी जाणार ते ठरवावं लागतं, वरचं जंगल राखावं लागतं नाहीतर सगळी माती तलावात येते. हे सगळं गाव करायचं. कोणी त्याला श्रमदान पण म्हणत नव्हतं.

मग १९५० चा मालकी हक्क संपवणारा कायदा आला आणि ३१ मार्च १९५१ ला मालगुजारी गेली. जायलाच पाहिजे होती. पण मालगुजाराकडून जे सुटलं ते गावाकडं नाही आलं, सरकारकडं गेलं. तलाव आधी महसूलकडं, मग पाटबंधारे, मग छोटे जिल्हा परिषदेकडं. सरकारनं पाणीपट्टी मागितली, शेतकरी म्हणाले आमचा निस्तार लिहिलेला आहे, पट्टी कशाची, आणि ह्या ओढाताणीत तलावाच्या पाळीकडं बघायला कोणीच राहिलं नाही. गाळ भरला, बेशरम वाढली. ज्याला हे झाड माहीत नाही त्यानं एकदा येऊन बघावं, नाव बरोबर ठेवलंय, उपटून फेकली तरी फेकल्या जागी उगवते.

जंगलाचं पण तेच. जमीनदारीतली जंगलं वनविभागाकडं गेली, संरक्षित झाली, राखीव झाली, कक्ष क्रमांक पडले. निस्तार कागदावर राहिला पण बल्ली आणायची तर बीट गार्डच्या मर्जीवर. दुसरीकडं बल्लारपूरच्या कागद कारखान्याला बांबूची लीज, ट्रकच्या ट्रक बांबू जायचा, आणि टोपलीपुरता बांबू आणणारा बुरूड किंवा गोंड चोर ठरायचा. आता असं असेल तर गावातला माणूस राखण काहून करेल? उलट विचार असा झाला की आपण नाही तोडलं तर दुसरा तोडणारच आहे. माझ्या वडिलांच्या पिढीनं जंगल तोडलं हे मी लपवत नाही, पण का तोडलं ते पण सांगायला पाहिजे.

हे फिरलं कुठून, तर माझ्या मते धरणांच्या विरोधातून. इंद्रावती आणि गोदावरीवर भोपालपट्टणम आणि इंचमपल्ली ही धरणं येणार होती, गडचिरोली-बस्तरचं प्रचंड जंगल आणि गावं पाण्याखाली जाणार होती, आणि १९८४ च्या सुमारास जंगल बचाव मानव बचाव आंदोलन उभं राहिलं, बाबा आमटे त्यात होते. त्या आंदोलनातून धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला काय सुचलं तर नुसता विरोध करून भागत नाही, आपलं जंगल आपण सांभाळून दाखवायला पाहिजे. देवाजी तोफा गावातले आणि मोहन हिराबाई हिरालाल बाहेरून आलेले सोबती. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा तिथलीच, आता तर कोणीही कुठंही वापरते.

मेंढ्याबद्दल लोकांना घोषणा माहीत आहे, पद्धत माहीत नाही. तिथं निर्णय बहुमतानं नाही, सर्वसहमतीनं होतो, एक माणूस नाही म्हणाला की थांबायचं, पुन्हा बसायचं. ऐकायला वेळखाऊ वाटते, आणि आहेच वेळखाऊ, आमच्या ग्रामसभेत तर रात्रीचे बारा वाजतात आणि अर्धे लोक झोपलेले असतात. पण राखणीला हेच लागते. बहुमतानं चराईबंदी केली की हरलेले लोक रात्री गुरं सोडतात, जंगलाला काही कंपाउंड नसतं. दुसरं म्हणजे अभ्यास गट, एखादा विषय घेऊन त्यावर नुसतं बसून बोलायचं. माश्या न जाळता मध कसा काढायचा हे पण अशा अभ्यासातून आलं.

मधे १९९२ मध्ये राज्य सरकारनं संयुक्त वनव्यवस्थापन (वनविभाग आणि गावानं मिळून जंगल राखायचं) आणलं, नंतर संत तुकाराम वनग्राम योजना. समित्या झाल्या, बोर्ड लागले, काही गावांत खरंच चांगलं काम झालं. पण सचिव वनविभागाचा माणूस, चेकवर सही त्याची, त्यामुळं निधी संपला की समिती पण संपली असं बऱ्याच ठिकाणी झालं.

खरा फरक पडला २००६ च्या वनहक्क कायद्यानं, लागू झाला ३१ डिसेंबर २००७ पासून. लोकांना त्यातले वैयक्तिक पट्टे तेवढे माहीत असतात, पण कलम ३(१)(झ) नाही माहीत, ज्यात गावानं परंपरेनं राखलेल्या जंगलाचं संरक्षण, पुनर्निर्माण, व्यवस्थापन करायचा हक्क ग्रामसभेला दिलाय. राखण हा हक्क म्हणून लिहिला गेला, हे मला फार मोठं वाटते. मेंढ्याला २००९ मध्ये १,८०० हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकायला वाहतूक परवाना मिळेना, काहून की वनविभागाच्या हिशोबानं बांबू म्हणजे झाड! वनस्पतीशास्त्रात गवत, कायद्यात गौण वनोपज, आणि नाक्यावर झाड. शेवटी २७ एप्रिल २०११ ला तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तकच ग्रामसभेच्या हाती दिलं. आज एकट्या गडचिरोलीत हजाराहून जास्त ग्रामसभांकडे सामूहिक हक्क आहेत.

चंद्रपूरच्या गोंडपिपरी तालुक्यातलं पाचगाव मला मेंढ्यापेक्षा जास्त आवडते, खरं सांगायचं तर. २०१२ मध्ये हक्क मिळाला, हजारेक हेक्टर, बांबूतून पैसा यायला लागला, आणि त्यांनी तेंदूपत्ता तोडणं बंद केलं. हातातला पैसा सोडला. कारण काय तर पत्ता चांगला यावा म्हणून फांद्या छाटतात, आगी लावतात, आणि मग टेंभरं (तेंदूची फळं) लागत नाहीत, पाखरं पण खात नाहीत आणि पोरं पण. शिवाय ३४ हेक्टरचा एक तुकडा देवाच्या नावानं पूर्ण राखून ठेवला. पश्चिमेकडं अचलपूर तालुक्यात पायविहीर, १९३ हेक्टर, आधी नुसता उघडा डोंगर, आता सीताफळ मुंबईला जाते. वाशिम-अकोल्याकडं तर ज्यांचा धंदाच शिकारीचा होता ते फासेपारधी गवताची कुरणं राखतात, तणमोर सारख्या पक्ष्यासाठी, त्यांच्याइतकं त्या गवतातलं कोणाला कळणार. आणि गोंदियाकडं मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाच्या बाया तलावातली बेशरम उपटून, आतली जमीन नांगरून देशी पाणवनस्पती लावतात, म्हणजे मासोळी परत येते आणि तलाव पण सुधारतो.

राहिली झुडपी. सहा जिल्ह्यांत मिळून ८६ हजार हेक्टरांच्या आसपास ही जमीन, त्यावर कुठं शाळा, कुठं मसणवटी, कुठं ग्रामपंचायत, कुठं खरंच झुडपं. सुप्रीम कोर्टानं २२ मे २०२५ ला निकाल दिला की ही वनजमीनच आहे, १२ डिसेंबर १९९६ (वनजमिनीबद्दलच्या कोर्टाच्याच जुन्या आदेशाची तारीख) च्या आधी दिलेल्या वाटपाला मार्ग ठेवला, बाकीची वनविभागाकडं द्यायची. जंगल वाचेल म्हणून मला आनंद आहे. पण जिथं गावानं चराईबंदी करून पंधरा वर्षं गवत राखलं तिथं आता १९५१ सारखंच परत होणार का, हे आमच्या ग्रामसभेत तीन वेळा विषयपत्रिकेवर आलं आणि तिन्ही वेळा सर्वसहमती झाली नाही. पुढची बैठक मोहफुलं वेचून झाल्यावर ठेवली आहे, आत्ता कोणाला वेळ नाही.