चार वॅट पुरतात कसे? व्हॉल्व्ह-मॉस्फेट जोडीची पार्श्वभूमी

व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारा अँप घरी बांधायचा म्हटलं की गाडं अडतं ते आउटपुट ट्रान्सफॉर्मरपाशी. व्हॉल्व्ह मिळतात, बेस मिळतात, चासीचा पत्राही कुणी ना कुणी वाकवून देतं. चांगला आउटपुट ट्रान्सफॉर्मर मात्र एकटाच बजेट खाऊन बसतो. व्हॉल्व्हच्या प्लेटला पाचेक हजार ओहमचा लोड हवा असतो आणि स्पीकर असतो आठ ओहमचा. दोघांची गाठ घालायला २५ ला १ या प्रमाणात वेढे घ्यावे लागतात. अँप सिंगल-एंडेड असेल, म्हणजे पूर्ण लहर एकाच व्हॉल्व्हने हाताळायची असेल, तर प्लेटचा डीसी करंट सतत त्याच वेढ्यांतून वाहतो. तेव्हा कोअरमध्ये फट ठेवावी लागते, फट ठेवली की इंडक्टन्स घटतो, आणि तो भरून काढायला लोखंड आणि तांबं दोन्ही वाढतं. स्वस्तातल्या हायब्रिड अँपचं, म्हणजे पुढे व्हॉल्व्ह आणि शेवटी मॉस्फेट ट्रान्झिस्टर अशा जोडीचं, मूळ शोधत गेलं की दर वळणावर हीच वस्तू भेटते. ट्रान्सफॉर्मर टाळायचा, पण व्हॉल्व्ह सोडायचा नाही, असा हा खटाटोप आहे.

अशा अँपमधून मिळतात चारच वॅट, आणि तेवढ्यात भागवायचं तर स्पीकर कर्ण्याचा हवा. म्हणून सुरुवात कर्ण्यापासून करावी लागते. कर्णा स्वतःच एक ट्रान्सफॉर्मर आहे, हवेचा. लहान पडदा मोकळ्या हवेत पुढे-मागे हलला तर हवा बाजूला निसटते आणि त्याची बरीचशी मेहनत वाया जाते. त्याच पडद्यापुढे अरुंद गळा ठेवला आणि तो हळूहळू रुंद करत नेला, तर पडद्याला हवेचा खरा भार जाणवतो आणि ताकद आवाजात उतरते. १९२६ साली अमेरिकेत बोलपटांसाठी वेस्टर्न इलेक्ट्रिकचं ५५५ हे कर्ण्यामागे बसणारं, पडदा हलवणारं युनिट आलं, ते वेंट आणि थुरस या दोन संशोधकांचं काम. तेव्हा वॅट फार महाग होते. १९३० च्या दशकात त्याच कंपनीच्या ३०० ए आणि पुढे १९३८ च्या ३०० बी या ट्रायोडवर, म्हणजे तीन इलेक्ट्रोडच्या व्हॉल्व्हवर, चालणारे थिएटरचे अँप जेमतेम आठ वॅटचे असत, आणि तेवढ्यावर प्रेक्षागृहात आवाज पोचायचा. आजच्या एखाद्या टीव्हीच्या स्पीकरवर याहून मोठा आकडा छापलेला असतो.

आपल्याकडे कर्णा म्हटलं की मांडवावरचा भोंगा आठवतो, आणि कानाला टोचणारा आवाजही. त्यात कर्ण्याच्या तत्त्वाचा दोष नाही. तो भोंगा आतल्या आत दुमडलेला, बोलणं लांब पोचवण्यासाठी बनवलेला असतो. खालचे स्वर त्याच्यात उतरतच नाहीत, मग तबल्याचा बायाँ कुठून ऐकू येणार? ५० हर्ट्झची लहर जवळजवळ सात मीटर लांब असते, आणि ती नीट सोडायची तर कर्ण्याच्या तोंडाचा घेर साधारण तेवढाच असावा लागतो. असा कर्णा घरात मावत नाही. पॉल क्लिप्श यांनी अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातल्या होप या गावी १९४६ पासून बनवायला घेतलेल्या क्लिप्शहॉर्नमध्ये यावर सुंदर तोड आहे: कर्णा दुमडून कपाटाएवढा करायचा आणि खोलीच्या कोपऱ्यात ठेवायचा. मग दोन भिंती आणि जमीन मिळून त्याचं तोंड पुरं करतात. एका वॅटला एक मीटरवर १०५ डेसिबलच्या आसपास, अशी त्याची संवेदनशीलता सांगितली जाते. घरोघरच्या लहान स्पीकर-पेटीचा आकडा ८७ च्या जवळपास असतो. फरक १८ डेसिबलचा, म्हणजे ६३ पट. कर्ण्याला एका वॅटमध्ये जमतं, त्यासाठी पेटीला ६३ वॅट लागतात.

असं असूनही कर्णे घरांतून गेले. १९५४ मध्ये एडगर व्हिल्चर आणि हेन्री क्लॉस यांच्या अकूस्टिक रिसर्च कंपनीने हवाबंद लहान पेटीतून खोल बास काढून दाखवला. त्याची किंमत होती संवेदनशीलता. १९५८ च्या सुमारास स्टिरिओ तबकड्या आल्या आणि एकाऐवजी दोन स्पीकर ठेवायची वेळ आली. दोन कपाटं कोण ठेवणार? पाठोपाठ ट्रान्झिस्टरने वॅट स्वस्त केले. आरसीए या अमेरिकी कंपनीतल्या एच. सी. लिन यांनी १९५६ मध्ये मांडलेल्या जोडणीत आउटपुट ट्रान्सफॉर्मरच उरला नाही. पण तेव्हाच्या या अँपमध्ये एक खोट होती. लहरीचा वरचा अर्धा भाग एक ट्रान्झिस्टर हाताळायचा आणि खालचा दुसरा, आणि शून्यापाशी हातबदल होताना लहर मोडायची. कमी संवेदनशील स्पीकरवर मोठ्याने ऐकताना ते खपून जातं. कर्ण्यावर मात्र सगळं ऐकणं काही मिलीवॅटमध्ये, म्हणजे नेमकं त्या मोडीपाशीच होतं. ‘ट्रान्झिस्टर कर्ण्यावर चिरका वाजतो’ ही तक्रार मला म्हणूनच पूर्णपणे खरी वाटते. त्यावर साधा आणि स्वस्त उपाय १९६९ मध्ये जॉन लिन्स्ली हूड यांनी ब्रिटनच्या ‘वायरलेस वर्ल्ड’मध्ये दिला: चार ट्रान्झिस्टर, क्लास ए (म्हणजे ट्रान्झिस्टर कधीच बंद होत नाहीत, तो मोडणारा हातबदलच नाही), दहा वॅट. तो आजही बांधला जातो.

तिकडे व्हॉल्व्हवाल्यांचीही ट्रान्सफॉर्मर टाळायची धडपड चालू होती. न्यूयॉर्कच्या ज्युलियस फुटरमन यांनी १९५० च्या दशकात अनेक व्हॉल्व्ह जोडून थेट स्पीकर चालवला, पण उष्णता आणि व्हॉल्व्हची संख्या दोन्ही भारी पडायची. फिलिप्सने उलट्या टोकाने जाऊन ८०० ओहमचे स्पीकरच काढले, म्हणजे अँप आहे तसाच ठेवायचा आणि स्पीकर बदलायचा.

पण हायब्रिडची खरी सुरुवात मला मोटारीच्या डॅशबोर्डमध्ये दिसते, आणि या टप्प्याबद्दल फारच कमी लिहिलं जातं. मोटारीतल्या व्हॉल्व्हच्या रेडिओला व्हायब्रेटर लागायचा. एक थरथरती पट्टी बॅटरीचा डीसी तोडून-जोडून ट्रान्सफॉर्मरला द्यायची, तेव्हा कुठे प्लेटला पुरेसे व्होल्ट मिळायचे. ती पट्टी गुणगुणायची आणि झिजायची. १९५० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकी मोटारी ६ व्होल्टवरून १२ वर आल्या आणि जर्मेनियमचे पॉवर ट्रान्झिस्टरही मिळू लागले. ते स्पीकरला करंट द्यायला तयार होते, पण रेडिओच्या वरच्या फ्रीक्वेन्सीला लंगडे. म्हणून १२ व्होल्ट प्लेटवरच चालणारे व्हॉल्व्ह खास बनवले गेले, १२एई६ सारखे, आणि युरोपात ईसीसी८६. पुढे व्हॉल्व्ह, शेवटी ट्रान्झिस्टर, मधला व्हायब्रेटर बाद. काही वर्षांतच सगळे रेडिओ ट्रान्झिस्टरवर गेले आणि ही जोडी विसरली गेली. व्होल्टेज वाढवायचं काम व्हॉल्व्हचं आणि करंट पुरवायचं अर्धवाहकाचं, ही वाटणी तिथेच ठरली होती.

ती वाटणी घरच्या अँपमध्ये जमायला मॉस्फेटची वाट पाहावी लागली. साध्या पॉवर ट्रान्झिस्टरच्या बेसला करंट लागतो, आणि लहान ट्रायोडला तो देणं जड जातं. मॉस्फेटच्या गेटला डीसी करंट लागतच नाही. त्याला फक्त व्होल्टेज हवं, आणि ट्रायोड नेमकं तेच देतो. बेल लॅब्समध्ये अटाला आणि कांग यांनी १९५९ च्या सुमारास मॉस्फेट घडवला. ऑडिओच्या कामाचे पॉवर मॉस्फेट १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात आले, हिताचीचे ऑडिओसाठीच केलेले आणि इंटरनॅशनल रेक्टिफायरचे पॉवर सप्लायसाठीचे. दुसऱ्या जातीतला आयआरएफपी२४० प्रचंड संख्येने बनला, म्हणून स्वस्त झाला. त्याच्या गेटची कपॅसिटन्स तेराशे पिकोफॅरडच्या आसपास, पण सोर्स फॉलोअर म्हणून, म्हणजे व्होल्टेज न वाढवता फक्त करंट पुरवण्यासाठी, जोडला तर तिचा बराच भार ट्रायोडला जाणवत नाही. १९८० च्या दशकात न्यूयॉर्क ऑडिओ लॅब्सने, म्हणजे फुटरमनचे अँप पुढे चालवणाऱ्याच घराने, मॉसकोड नावाने व्हॉल्व्ह-मॉस्फेट अँप विकले. ट्रान्सफॉर्मर टाळायचे दोन्ही मार्ग एकाच छपराखाली आले, हे मला फार बोलकं वाटतं. १९९४ मध्ये नेल्सन पास यांनी ‘द ऑडिओ अमॅच्युअर’ या मासिकात झेन हा अँप छापला. आवाज वाढवणारा मॉस्फेट एकच, सिंगल-एंडेड, क्लास ए. अगदी थोड्या भागांत काम होतं ही हिंमत हौशी मंडळींना त्याने दिली.

आज बांधला जाणारा स्वस्त हायब्रिड याच सगळ्यांचा वारस आहे. एकाच काचेत दोन ट्रायोड असलेला एक ईसीसी८८ किंवा त्याचा रशियन भाऊ ६एन२३पी, दर चॅनलला एक मॉस्फेट फॉलोअर, त्याखाली एक अँपिअरचा स्थिर करंट आणि २४ व्होल्ट. आठ ओहमवर यातून कमाल चार वॅट मिळतात, कारण एक अँपिअरहून जास्त करंट सोडायला जागाच नाही. सीडी प्लेअरचे दोन व्होल्ट तिप्पट केले की भागतं, आणि तेवढं त्यातल्या एका ट्रायोडला सहज जमतं. खर्च उरतो हीटसिंकचा, म्हणजे उष्णता बाहेर सोडणाऱ्या फिनांच्या धातूच्या ठोकळ्याचा. संगीत असो-नसो, दोन चॅनल मिळून ४८ वॅट उष्णता सतत निघते, त्यात काटकसर चालत नाही. तासाभराने फिनवर बोट टेकवून दहापर्यंत मोजता आलं पाहिजे.

कर्ण्यावर एक त्रास हमखास होतो. आउटपुटवर एक मिलीव्होल्ट १०० हर्ट्झची गुणगुण उरली, तर ८७ डेसिबलच्या पेटीवर ती १८ डेसिबल होते, म्हणजे ऐकूच येत नाही. १०५ च्या कर्ण्यावर तीच ३६ होते, आणि रात्री खोली शांत झाली की स्पष्ट जाणवते. माझ्या अँपचं असंच झालं होतं. दिवसा सगळं छान, रात्री अकरानंतर एक बारीक घूंऽऽ. सप्लायमध्ये कपॅसिटन्स मल्टिप्लायर (गुणगुण गाळणारं सर्किट) घातला आणि सगळ्या अर्थच्या वायरी एका बिंदूवर आणल्या, तेव्हा ती गेली.

आणि आउटपुटचा कपॅसिटर, म्हणजे डीसी अडवून फक्त संगीत स्पीकरला सोडणारा भाग. त्याला पुष्कळ जण जुनाट समजून काढून टाकतात. मी ठेवतो. मॉस्फेट शॉर्ट होऊन जातो तेव्हा सप्लायचे चोवीस व्होल्ट थेट आउटपुटवर येतात, आणि कर्ण्याच्या युनिटचा पातळ पडदा आणि केसासारखी कॉइल ते झेलू शकत नाहीत. ४७०० मायक्रोफॅरड ठेवले तर आठ ओहमवर खालच्या स्वरांची मर्यादा ४ हर्ट्झवर येते, म्हणजे बास कुठेही कमी होत नाही. सुरू करताना मात्र तो भरला जाण्याचा ‘धप्प’ येतो. म्हणून माझ्याकडे स्पीकरची रिले (आपोआप लागणारा स्विच) अर्ध्या मिनिटाने लागते. तेवढ्यात व्हॉल्व्हचे हीटरही लाल झालेले असतात.